वृद्धांचा दिवस

शहरांतील सुखवस्तु घरांत सकाळीं दहाच्या सुमारास एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. नोकरीला जाणारे नोकरीला गेलेले असतात, मुलें शाळा-कॉलेजांत गेलेलीं असतात, धुणेंभांडीं आटोपून मोलकरीण दुसऱ्या घरीं गेलेली असते. आणि मागें उरतात ते सत्तरी ओलांडलेले आजोबा किंवा आजी, एक खुर्ची, एक वर्तमानपत्र आणि उशाशीं मोबाइल फोन. संध्याकाळीं सहा वाजेपर्यंत त्यांच्याशीं बोलणारें माणूस घरांत नसतें. त्यांना कोणी छळीत नाहीं कीं उपाशी ठेवीत नाहीं. डब्यांत पोळीभाजी झांकून ठेवलेली असते, औषधाच्या गोळ्या वारवारीनें लावून ठेवलेल्या असतात. तक्रार करण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं, आणि म्हणूनच या आठ तासांचा विचार फारसा कोणी केलेला नाहीं. आज मला त्या आठ तासांविषयींच बोलावयाचें आहे.

वृद्धांच्या प्रश्नाची चर्चा निघाली कीं ती लागलीच रात्रीच्या आसऱ्याकडे वळते. म्हातारपणीं राहावें कोठें, या मुलाकडे कीं त्या मुलाकडे, स्वतःच्या घरांत कीं वृद्धाश्रमांत, याच प्रश्नाभोंवतीं आपलीं नाटकें, आपले चित्रपट आणि आपलीं कौटुंबिक भांडणें फिरत आलेलीं आहेत. कायद्याचेंही तेंच. मातापित्यांच्या निर्वाहासंबंधीं २००७ सालीं जो केंद्रीय कायदा झाला, त्यांत प्रत्येक जिल्ह्यापासून आरंभ करून, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम राज्यसरकारांनीं टप्प्याटप्प्यानें उभारावे असें सुचविलें आहे. रात्रीची काळजी त्यांत आहे. दिवसाचें नांव नाहीं.

इंग्रजी नांव आपल्याकडे रूढ झालें आहे, डे-केअर सेंटर. परंतु तें लहान मुलांच्या पाळणाघरालाही लागत असल्यामुळें कित्येक स्वाभिमानी आजोबांना तें ऐकतांच राग येतो, आणि तो राग अस्थानीं आहे असें मला वाटत नाहीं. मी आपला ‘दिवसाचें केंद्र’ असेंच म्हणेन. कल्पना साधी आहे. वृद्ध माणसानें सकाळीं घरून निघावें, चार-सहा तास समवयस्कांच्या संगतींत आणि जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीं घालवावे, तेथें जेवावें, हातपाय हलवावे, रक्तदाब पाहून घ्यावा, आणि संध्याकाळीं आपल्या घरीं, आपल्याच अंथरुणावर निजावयास यावें. एवढ्यानें प्रकृतीला खरोखर कांहीं लाभ होतो कीं केवळ वेळ जातो, हा प्रश्न आहे.

प्रथम त्या खुर्चीचा विचार करूं. १९४७ सालीं रिचर्ड ॲशर नांवाच्या इंग्रज वैद्यानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक छोटासा, कांहींसा विनोदी लेख लिहून अंथरुणाचे धोके वर्णन केले होते. त्या काळीं विश्रांति ही सर्व रोगांवरची मात्रा समजली जात असे. त्यामुळें कित्येकांना तो लेख म्हणजे थट्टा वाटली असेल. पुढें मोजमाप झालें. २००७ सालीं अमेरिकेंत कांहीं निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ १० दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगण्यांत आलें. दहा दिवसांच्या अखेरीस त्यांच्या दोन्ही पायांतील मांस मिळून सुमारें एक किलोनें घटलें होतें. हीं माणसें आजारी नव्हतीं, हें लक्षांत घ्यावें. दिवसभर खुर्चींत बसणाऱ्याची झीज इतक्या झपाट्यानें होत नाहीं, पण तिची दिशा तीच असते. मांडीचे स्नायु उतरतात, सखल कोचावरून उठणें कठीण होऊं लागतें, उठणें कठीण म्हणून शौचास जाणें टाळावेंसें वाटतें, आणि तें टाळावें म्हणून पाणी कमी प्यालें जातें. पाणी कमी पडलें कीं मूत्रमार्गाचे विकार होतात, चक्कर येते, एखाद्या दिवशीं तोल जातो आणि खुब्याचें हाड मोडतें. घरांतील माणसें म्हणतात, “कालपर्यंत अगदीं ठणठणीत होते हो!” कालपर्यंत ते खुर्चींत होते, एवढेंच त्यांतलें खरें.

ही साखळी तोडतां येते याचाही पुरावा आहे. ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ अमेरिकन स्त्रीपुरुषांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आरोग्यावर व्याख्यानें ऐकविलीं. निम्म्यांकडून नियमानें चालणें आणि पायांच्या बळाचे व तोलाचे व्यायाम करवून घेतले. सुमारें अडीच वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांत चालण्याची शक्ति गमावणारांचें प्रमाण स्पष्टपणें कमी भरलें. व्याख्यानें ऐकणारांचें काय झालें हें रेडिओवरून बोलणाऱ्यानें फार विस्तारानें सांगूं नये, हें बरें.

मनाचें आणि शरीराचें खातें वेगळें नाहीं. २०१० सालीं ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांचे सहकारी यांनीं १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लक्षांहून अधिक माणसांची माहिती पडताळली. ज्यांचे माणसांशीं संबंध दाट होते, त्यांची अभ्यासाच्या अखेरीस जिवंत असण्याची शक्यता इतरांहून जवळजवळ दीडपट आढळली. आजारी माणसाकडे लोक येईनासे होतात हेंही खरें, तेव्हां कारण कोणतें आणि कार्य कोणतें हा वाद पुरता मिटलेला नाहीं. परंतु २०२४ सालीं लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगानें स्मृतिभ्रंशाचीं जीं टाळतां किंवा लांबवितां येण्याजोगीं १४ कारणें गणलीं, त्यांत एकाकीपण, शारीरिक निष्क्रियता, खिन्नता, बहिरेपणा आणि दृष्टिदोष हीं सर्व आहेत. दुपारीं दोन वाजतां एखाद्या बंद सदनिकेचें दार उघडून पाहिलें तर हीं पांचही कारणें एकाच खुर्चींत बसलेलीं दिसण्याचा संभव आहे.

दिवसाच्या केंद्राची कल्पना जन्मली ती मात्र एकाकीपणाच्या कणवेंतून नव्हे, तर रुग्णालयांच्या अडचणींतून. लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ सालीं शेजारच्या गरीबखान्यांतील सातशेंहून अधिक जुनाट रोगी आले. वर्षानुवर्षें अंथरुणांत खितपत पडलेले हे वृद्ध ‘असाध्य’ या एकाच शब्दाखालीं मोडत असत. मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंनीं त्यांना एकेक करून तपासलें, आणि त्यांतील पुष्कळांना उठवून, चालतें करून घरीं पाठविलें. वृद्धांचें वैद्यक हें शास्त्र तेथून सुरू झालें म्हणतात. पुढें अडचण उभी राहिली ती निराळीच. चालतीं झालेलीं माणसें घरीं गेलीं कीं पुन्हां खुर्चींत बसत, आणि कांहीं महिन्यांनीं परत रुग्णालयांत येत. शस्त्रवैद्य लायोनेल कॉसिन यांनीं यावर तोड काढली. ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयांत १९५८ सालीं त्यांनीं वृद्धांसाठीं मुद्दाम बांधलेलें दिवसाचें रुग्णालय उघडलें. त्यांत रोगी दिवसा येत आणि रात्रीं घरीं जात. खाट अडत नसे, आणि मिळविलेली शक्ति हातची जात नसे.

या इंग्रजी रोपाला खरें फळ धरलें तें दूर सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या चिनी वस्तींत. ती हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९७० च्या सुमारास त्या वस्तींत, आणि शेजारच्या इटालियन मोहल्ल्यांत, तरुणपणीं देशांतर करून आलेलीं आणि आतां म्हातारीं झालेलीं पुष्कळ माणसें राहत होतीं. शहर टेंकड्यांवर वसलेलें, खोल्या उंच जिन्यांच्या माथ्यावर, इंग्रजी भाषा कित्येकांना अखेरपर्यंत न आलेली. प्रकृति ढासळली कीं अशांना दूरच्या शुश्रूषागृहांत नेऊन ठेवीत. तेथें चिनी बोलणारें कोणी नसे, आणि ताटांत त्यांच्या ओळखीचा पदार्थ नसे. विल्यम जी नांवाच्या दंतवैद्याच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या समितीनें १९७१ सालीं मारी-लुईझ अन्साक या समाजसेविकेस बोलावून, वस्तींतच एक शुश्रूषागृह काढतां येईल काय याचा तपास करण्यास सांगितलें. अन्साकबाईंनीं हिशेब मांडला आणि कळविलें कीं, तें परवडणार नाहीं, आणि परवडलें तरी या लोकांना तें मानवणार नाहीं. आईबापांना परक्या छपराखालीं निजावयास पाठवणें त्या समाजाला आपल्याइतकेंच लाजिरवाणें वाटत होतें. मग त्यांनीं इंग्लंडांतील दिवसाच्या रुग्णालयांचा कित्ता पुढें ठेवला, आणि १९७३ सालीं पहिलें केंद्र उघडलें. नांव ठेवलें ऑन लोक. कँटनच्या बोलींत त्याचा अर्थ शांत, सुखाचा निवास. निवास म्हणावें आणि रात्रीं तेथें कोणीच राहूं नये, ही त्या नांवांतली गंमत आहे.

येथें येणारे वृद्ध धडधाकट नव्हेत, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. ज्यांना शुश्रूषागृहांत ठेवण्याइतकी मदत लागते असें सरकारी दृष्ट्या ठरलें आहे, असेच येथें घेतात. त्यांना गाडीनें आणावें, वैद्यानें पाहावें, व्यायाम करवून घ्यावा, ओळखीचें जेवण ओळखीच्या भाषेंत वाढावें, आणि घरीं पोंचवावें. घरीं लागेल ती मदतही त्याच संस्थेनें पाठवावी. पैशाची व्यवस्था मोठी मार्मिक आहे. प्रत्येक उपचाराचें निराळें बिल नाहीं. प्रत्येक माणसामागें संस्थेस दरमहा ठराविक रक्कम मिळते, आणि रुग्णालयाचा खर्चही तिनें त्यांतूनच भागवावयाचा असतो. त्यामुळें म्हातारा पडून हाड मोडलें तर तोटा संस्थेचा, आणि त्याच्या न्हाणीघरांत आधाराचा दांडा बसविला तर नफाही संस्थेचाच. ज्या थोड्या ठिकाणीं व्यापाराचें आणि दयेचें पाऊल एका दिशेनें पडतें, त्यांपैकीं हें एक होय.

या पद्धतींतील दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. वैद्य, परिचारिका, व्यायामतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समाजसेविका अशी मंडळी एकत्र बसून प्रत्येक वृद्धाचा विचार करतात, आणि त्या बैठकींत गाडीच्या चालकालाही जागा असते. ती शिष्टाचाराची नव्हे. पुढें झालेल्या नियमांतच तशी तरतूद आहे. माणूस दारापर्यंत कसा चालत येतो, आज दार उघडावयास त्याला किती वेळ लागला, घरांतून कसला वास येत होता, हें चालकाशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १९९७ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें या पद्धतीला आपल्या वैद्यकीय विम्यांत कायमचें स्थान दिलें. आज तेथील तीसांहून अधिक राज्यांत ती चालते.

आतां फळाचा हिशेब. तो प्रामाणिकपणें मांडावयाचा तर केवळ गुणगान करून चालणार नाहीं. वैद्यकीय देखरेख असलेल्या दिवसाच्या रुग्णालयांसंबंधींचे १६ प्रयोग, मिळून ३,६८९ वृद्ध, यांचा आढावा कॉक्रेन या मान्यवर संस्थेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसतें कीं, ज्यांना अशी कोणतीच एकत्रित सेवा मिळाली नाहीं त्यांच्या तुलनेनें केंद्रांत जाणाऱ्यांची प्रकृति कमी ढासळली. परंतु तीच सर्व काळजी दुसऱ्या मार्गानें, उदाहरणार्थ घरीं येऊन, कोणी घेतली तर केंद्राचें वेगळें श्रेष्ठत्व सिद्ध होत नाहीं. पुरावाही पक्का म्हणण्याजोगा नाहीं असें ते स्वतःच सांगतात. अमेरिकेंतील कांहीं अभ्यासांत तर उलटेंच दिसलें. दिवसाच्या केंद्रांत जाणारे स्मृतिभ्रंशाचे रोगी शुश्रूषागृहांत लवकर दाखल झाले. त्याचा अर्थ केंद्रानें त्यांना तिकडे लोटलें असा मी करीत नाहीं. घरचीं माणसें पुरतीं थकल्यावरच केंद्राची पायरी चढतात. तोंवर फार उशीर झालेला असतो.

याच्या उलट टोंकाला जपानांतील एक उदाहरण आहे. ऐची प्रांतांतील ताकेतोयो या गांवीं २००७ सालापासून वृद्धांचीं बैठकमंडळें सुरू झालीं. गाणीं, खेळ, हलका व्यायाम, गप्पा. चालविणारे बहुतेक गांवांतलेच स्वयंसेवक, आणि मंडळ रोजचें नव्हे. पांच वर्षें लक्ष ठेवल्यावर असें आढळलें कीं, मंडळांत येणाऱ्यांत परावलंबी होणारांचें प्रमाण न येणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मेंच होतें. येणारे मुळांत अधिक हौशी असतील, हा आक्षेप संशोधकांनींही ओळखला होता, आणि गणितानें तो शक्य तितका वजा करूनही फरक उरला. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे माझें मत असें होतें कीं, दिवसाचें केंद्र हें पुष्कळसें पावसापूर्वीं शाकारलेल्या घरासारखें आहे. छप्पर गळूं लागल्यावर कौलें चढवावयास गेलें तर कौलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं.

परंतु एक लाभ असा आहे कीं, जो उशिरा गेलें तरी मिळतो, आणि तो वृद्धाला मिळण्याआधीं घरांतील दुसऱ्याच माणसाला मिळतो. स्मृति गेलेल्या सासऱ्याला “माझें घर कोठें आहे?” या प्रश्नाचें उत्तर दिवसांतून चाळीस वेळां देणारी ती सून, किंवा पक्षाघात झालेल्या पतीला उठवूनबसवून स्वतःची कंबर गमावलेली ती पत्नी. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांतील स्टीव्हन झॅरिट यांनीं या शुश्रूषा करणाऱ्यांचाच अभ्यास केला. १९९८ सालच्या त्यांच्या निबंधांत असें दिसलें कीं, आठवड्यांतून निदान दोन दिवस आणि निदान तीन महिने केंद्राचा उपयोग करणाऱ्या घरांत शुश्रूषा करणाऱ्याचा शीण, खिन्नता आणि संताप कमी झाला. पुढें त्यांच्या मंडळीनें आठ दिवस, दिवसांतून पांच वेळां, अशा व्यक्तींच्या लाळेचे नमुने घेतले. रोगी केंद्रांत जाऊन आला कीं दुसऱ्या दिवशीं शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरांत, ताण झेलण्यास साहाय्यभूत मानलेलें एक संप्रेरक वाढलेलें आढळे. रोग्याचाही लाभ दिसला: केंद्रांत जाणाऱ्यांच्या रात्रीच्या झोंपेच्या तक्रारी कमी झाल्या. दिवसा जागा राहिलेला माणूस रात्रीं निजतो, आणि तो निजला कीं घर निजतें. ज्यांच्या घरीं असा रोगी आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत मीं सांगावयास नको.

आपल्याकडे या सुनेला केंद्राचें नांव काढण्याचा धीर होत नाहीं. “सासऱ्यांना बाहेर काढलें” हे शब्द शेजारच्या गॅलरींतून केव्हां कानावर येतील याची तिला धास्ती असते. गंमत अशी कीं, शब्द टाकणारांपैकीं एकही जण दुपारीं तासभर येऊन त्या म्हाताऱ्याजवळ बसत नाहीं.

महाराष्ट्रांतील शहरांत आज या दृष्टीनें कांहींच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, नगरपालिकांचीं विरंगुळा केंद्रें आहेत. तेथें वर्तमानपत्रें, कॅरम, भजन, व्याख्यानें, वाढदिवस असे कार्यक्रम चालतात. ताकेतोयोच्या दाखल्यावरून पाहतां हें काम क्षुल्लक नाहीं. दोन उणीवा मात्र डोळ्यांत भरतात. एक म्हणजे तेथें जाऊं शकतो तो स्वतःच्या पायांनीं चालत जाणारा. ज्याला जिना उतरवत नाहीं, ज्याला ऐकूं येत नाहीं, ज्याला परतीची वाट आठवत नाहीं, त्याच्यासाठीं तें दार उघडें असूनही बंदच आहे. दुसरी उणीव, कित्येक ठिकाणीं खुर्च्यांवर पुरुषच अधिक दिसतात. आजीबाई घरीं असतात, कारण नातवाची शाळा सुटण्याची वेळ त्यांना सांभाळावयाची असते. निवृत्तीचा हक्क आपण अद्यापि पुरुषांनाच दिलेला आहे. २०११ च्या शिरगणतींत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटी ३८ लक्ष होते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें साठीपुढील भारतीयांत शेंकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारें ८८ लक्ष जणांना, स्मृतिभ्रंश आहे. यांच्यासाठीं कॅरमबोर्ड पुरणार नाहीं. शिकलेलीं माणसें हवींत, आणि गाडी हवी.

अशा रोग्यांसाठीं मोठ्या शहरांतून थोडीं केंद्रें निघालीं आहेत. तीं निवडतांना भिंतीवरचीं चित्रें आणि संगमरवरी फरशी पाहूं नये. फरशी गुळगुळीत असेल तर उलट परतावें. खुर्चीला हात आहेत काय, शौचकूप किती पावलांवर आहे, दुपारीं बारा वाजतां किती जण जागे आहेत आणि किती खुर्चींतच पेंगत आहेत, हें पाहावें. घरच्या खुर्चींतून उठवून केंद्राच्या खुर्चींत बसवावयाचें असेल तर गाडीभाडें वायां. जेवणाच्या वेळीं जावें हें सर्वांत उत्तम. हॉलंडांत शेतावर चालणारीं केंद्रें आहेत. तेथें वृद्ध कोंबड्यांना दाणे टाकतात, भाजी निवडतात. नेहमींच्या केंद्रांशीं त्यांची तुलना केली तेव्हां शेतावरच्या मंडळींची हालचाल अधिक आणि खाणेंपिणेंही अधिक भरलें. जपानांत २००० सालापासून शुश्रूषेचा सार्वत्रिक विमा आहे, आणि त्यांतून चालणाऱ्या दिवसाच्या केंद्रांत स्नान हा मोठा भाग असतो. घरच्या खोल टांकींत एकट्यानें उतरण्याचें भय ज्यांना वाटतें, ते आठवड्यांतून दोन-तीनदां तेथें निर्धास्तपणें अंग शेकून घेतात. आपल्याकडे मेथीची जुडी निवडणें किंवा शेंगा सोलणें यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. बोटें हलतात, आणि जेवणांत आपला हात लागल्याचें समाधान मिळतें.

राहतां राहिला खुद्द आजोबांचा नकार. तो येणारच, आणि त्याचा मान राखला पाहिजे. “मला कोठें नेऊन टाकतां?” असें ते विचारतील. त्या वेळीं आरोग्याचें व्याख्यान देऊं नये. वर सांगितलेल्या प्रयोगांतील व्याख्यानें ऐकणारांची गोष्ट आठवावी. पहिल्या दिवशीं घरच्या कोणीतरी बरोबर जावें, चहा होईपर्यंत बसावें आणि मग निरोप घेऊन निघावें. न सांगतां पळूं नये, तो दगा माणूस स्मृति गेल्यावरही विसरत नाहीं. आठवड्यांतून एकच दिवस ठेवला तर तो दर वेळीं पहिलाच दिवस होतो, म्हणून निदान दोन ठेवावे, आणि निदान महिनाभर मत विचारूं नये. संध्याकाळीं गाडी दाराशीं आली कीं “कसें काय वाटलें?” म्हणून सगळ्यांनीं भोंवतीं गोळा होऊं नये. हातपाय धुवावयास पाणी द्यावें, आणि थोड्या वेळानें, सहज बोलल्यासारखें, परवांसाठीं कोणता सदरा काढून ठेवूं, एवढेंच विचारावें.